एका गाडीची दोन पत्रं

आमचे शेठ आमदार झाले तेव्हा मी कापूरहोळला त्यांच्या दुकानात बिलं करत होतो. सिमेंट, सळई, पत्रे, टाइल्स. निवडून आल्यावर त्यांनी मला गल्ल्यावरून उठवून कार्यालयात बसवलं. मला मराठी टायपिंग येतं आणि मी फारसं बोलत नाही, एवढीच माझी लायकी.

दुकानात शेठचा एक नियम होता. "गिऱ्हाईकाला न्हाई म्हणायचं न्हाई. माल नसला तरी येतोय म्हणायचं आन् च्या पाजायचा." तो नियम त्यांनी जसाच्या तसा राजकारणात नेला. कार्यालयातून कुणी रिकाम्या हातानं परत जात नसे. ज्याला जे हवं त्याचं शिफारसपत्र. टाइप मी करायचो, सही त्यांची. म्हातारी माणसं ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून न्यायची. मला तेव्हा शेठ फार मोठे वाटायचे, खोटं कशाला बोलू?

माझं घर हिर्डोशीच्या वरच्या अंगाला एका वाडीत. थोरला भाऊ तिथं भात-नाचणी करतो. त्याची मुलगी भोरला कॉलेजात जायची. वाडीपर्यंत लांबच्या वळशाचा रस्ता होता, पण त्यावर एसटी नव्हती; पहिली गाडी पकडायची तर पायवाटेनं दीड तास डोंगर उतरायचा, आणि पावसाळ्यात ती वाट निम्मी ओढ्यातच असते. मुक्कामी एसटी, म्हणजे रात्री वाडीत थांबून सकाळी सुटणारी, मिळाली तर तिचं शिक्षण होणार होतं. नाही मिळाली तर नाही. भाऊ वाडीतली चार माणसं घेऊन आला. शेठनी लगेच पत्र दिलं. भावाच्या चेहऱ्याकडे बघून मलाही बरं वाटलं.

आठ दिवसांनी डोंगराच्या पलीकडच्या सोंडेवरच्या वाडीची माणसं आली. त्यांनाही मुक्कामी गाडीच हवी होती. आगाराकडे देण्याजोगी गाडी एकच आहे, हे शेठना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. शेठ म्हणाले, "यांचं पण करून टाक." मी आधीचं पत्र उघडलं, वाडीचं नाव बदललं आणि छापून दिलं.

मग आगारातून विचारणा आली. गाडी एक, पत्रं दोन, तरी कोणत्या वाडीला द्यायची ते कळवावं. तो कागद मी रोज सकाळी टेबलावर सगळ्यांत वर ठेवायचो. संध्याकाळपर्यंत तो नव्या अर्जांखाली गेलेला असायचा.

एकदा वेल्ह्याच्या दौऱ्यावरून परतताना मी धीर करून पुतणीचा विषय काढला. शेठ खिडकीबाहेर बघत होते. "एका वाडीला दिली की दुसरी तुटती," ते म्हणाले. "आत्ता दोन्ही आपल्या हायेत." मग म्हणाले, "पोरीला सांग, हुतंय काम."

मी तसंच सांगितलं. भाऊ फोनवर म्हणायचा, "तू तिथं असून आमची ही गत व्हय रं?" दुसऱ्या पावसाळ्यात पुतणी वाटेत घसरली, महिनाभर घरी बसली आणि परत कॉलेजात गेलीच नाही. आता ती शिवऱ्याला मावशीकडे राहते आणि हायवेवरच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. गाडी दोन्हीपैकी कुठल्याच वाडीत आली नाही. शेठ मात्र पुन्हा निवडून आले, आणि दोन्ही वाड्यांनी त्यांना भरभरून मतं दिली. धंदेवाल्याला राजकारण जमत नाही, असं म्हणणाऱ्यांची मला कीव येते.

मागच्या दिवाळीत मी वाडीत गेलो होतो. पुतणीही आली होती. माझ्यापुढे फराळाची ताटली ठेवून ती समोर बसली.

"काका, पॅकिंगला माझ्या शेजारी त्या सोंडंवरची पोरगी असती. तिचं बी कॉलेज सुटलं. तिच्या घरी बी साहेबांचं पत्र हाय. तुमीच केलंत ना?"

"हो."

"तिला वाटतं, गाडी तुमच्या-माझ्या वाडीनं अडवली."

मी चकली मोडली. खाल्ली नाही.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? तुमी माझं काका, हे म्या तिला सांगितलंच न्हाई."

मला लाज वाटली. तरी तोंडातून निघालं ते "बरं केलंस", आणि दिवाळी संपल्यावर मी नेहमीसारखा कार्यालयात जाऊन बसलो.