साहेब येणार म्हणून

वस्तीतली निम्मी घरं गवंडीमामाच्या हातची. त्याचं स्वतःचं घर मात्र बावीस वर्षं उघड्या विटांवर उभं होतं. जागा सरकारी, कागद कसलाच नाही. उद्या पाडलंच तर गिलावा तरी वाया जायला नको, म्हणून सगळी वस्ती अशीच अर्धीमुर्धी राहायची.

मग बातमी आली. दहा वर्षांहून जुन्या घरांना मालकीचा दाखला मिळणार, मोजणीदार सोमवारी येणार. मामा हरखला. कामाला दांडी मारून चार दिवसांत त्याने घराला आतूनबाहेरून गिलावा केला, कोपरे ओळंब्यात आणले.

"अहो, राहू द्या तसंच," बायको म्हणाली. "दुसऱ्या कुणी हात लावलाय का घराला?"

"साहेबापुढं फाटक्या सदऱ्यात उभं राहतं का कुणी?"

ऐकेल तो मामा कसला! पण त्या सोमवारी फाटका सदराच पुरावा होता, हे त्या भाबड्याला कुणी सांगावं?

शेजारच्या शिंप्याच्या भिंतीच्या विटा झिजलेल्या, वर शेवाळ. मोजणीदाराने ती पाहिली आणि जुनं घर म्हणून दारावर नंबर टाकला. मामाच्या भिंतीला हात लावला, तर ओल बोटाला आली.

"हे परवाचं बांधकाम आहे."

"साहेब, थोरली लेक इथंच जन्मली! या शिंप्याला विचारा, त्याचं घरसुद्धा मीच बांधलंय."

गल्ली रुंद करायला दोघांपैकी एकाचं घर जाणार, हे शिंप्याला ठाऊक होतं. त्याने सरळ कानावर हात ठेवले. "मी दिवसभर मशिनवर असतो साहेब. माझं लक्ष नसतं कुणाकडे."

मामाने धावत कुदळ आणली, गिलावा फोडून आतली काळी पडलेली वीट दाखवली.

"जुन्या विटा विकत मिळतात," साहेब म्हणाला आणि त्याने दारावर फुली मारली.

महिन्याभरात घर जमीनदोस्त झालं. दाखला हातात पडताच शिंप्याला वरच्या मजल्याची घाई झाली. तो मामाकडेच आला, निर्लज्ज!

"तुमच्यासारखा हात कुणाचा नाही, मामा. मजला होईपर्यंत मागच्या खोलीत राहा सगळे. नंतर मात्र ती मला लागेल."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. लेकींना घेऊन उघड्यावर किती दिवस काढणार? मामा तिथं राहायला गेला.

पहिल्याच दिवशी सवयीने त्याचा हात भरभर चालला. दुपारी भाकरी द्यायला बायको वर आली, चढलेली भिंत बघून तिने मनातच खोलीतले उरलेले दिवस मोजले.

"जरा सावकाश बांधा हो," ती हळूच म्हणाली.

मामाने जन्मात कधी कामचुकारपणा केला नव्हता. तो आता दिवसाला दोनच थर चढवू लागला, एक थर उगाच काढून पुन्हा बसवू लागला. तरी अडीच महिन्यांत मजल्यावर छत चढलंच.