बरकत मिस्त्रीचे दोन झरोके

बरकत मिस्त्रीनं बांधलेली खोली ताब्यात घ्यायची म्हणजे आधी त्याची विडी संपेपर्यंत थांबावं लागे. गिलावा वाळला, दार बसलं, चुना मारून झाला, की तो आत जाऊन दार लावून घ्यायचा, मधोमध उकिडवा बसायचा आणि विडी पेटवायचा. विझू नये म्हणून मधून एखादा झुरका, एरवी नुसती बोटांत धरून धुराकडे बघत राहायचा. धूर समोरच्या भिंतीकडे सरकला आणि वरच्या झरोक्यातून बाहेर पडला, की दार उघडून म्हणायचा, "घ्या, खोली चालू झाली." धूर मधेच घुटमळला, तर उठून पहार आणायला जायचा.

मला याची फार मजा वाटायची. मी त्याची नक्कलही करायचो. तसाच उकिडवा बसून, डोळे बारीक करून. लोक पोट धरधरून हसायचे. पुढं मी ती नक्कल सोडली, त्याचीच ही गोष्ट.

आम्ही मूळचे आकुर्डीचे. बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला आमच्या ज्वारीच्या शिवाराला लागून कारखान्यांच्या भिंती उठायला लागल्या. कुठकुठली माणसं पत्र्याच्या ट्रंका घेऊन उतरायला लागली. काम मिळायचं, पण पाठ टेकायला जागा मिळत नसे. म्हणून सहासष्ट साली मी पडीक तुकड्यावर एका रांगेत सहा खोल्या काढल्या. वर स्लॅब. तोवर आमच्याकडे घर म्हणजे कौलं नाहीतर पत्रा. स्लॅबचं एवढं अप्रूप, की पाहुणा आला की मी त्याला वर चढवायचो आणि म्हणायचो, मार उडी. एका व्याह्यानं खरंच मारली आणि आठ दिवस लंगडत होता.

खोल्यांचं काम बरकतला दिलं होतं. उंच, काटकुळा माणूस, बंडीच्या खिशात ओळंबा, सायकलच्या दांडीला पहार बांधलेली. त्याचं म्हणणं असं, की प्रत्येक खोलीला दोन झरोके पाहिजेत. एक दाराशेजारी, घोट्याएवढ्या उंचीवर. दुसरा समोरच्या भिंतीत, अगदी स्लॅबला लागून. मी म्हटलं, खालून उंदीर येतील, वरून धूळ येईल. तो म्हणाला, उंदरांसाठी जाळी लावून देतो.

"आणि थंडीत काय करायचं, मिस्त्री?"

"थंडीत गोधडी घ्यायची, आबाजी. खोली श्वास घेतीय तेवढा घेऊ द्या. तुमच्या जुन्या घराला कौलांच्या फटी हायेत, वारा न विचारता येतो-जातो. ह्या डब्याला फट कुठाय? गरम हवा वर जाती, तिला वरनं वाट पायजे. ती गेली की खालनं नवी येती. एकच भोक ठेवलं तर दोघींची दारातच अडवणूक."

मी अडून बसलो तेव्हा त्यानं थापी धुतली आणि पिशवीत टाकली. विटा दुसऱ्याकडून लावून घ्या म्हणाला. मी हार मानली. तेव्हापासून आकुर्डीत त्याचं नाव भोकवाला मिस्त्री पडलं. या नावावर तो स्वतःसुद्धा हसायचा.

एका गोष्टीत मात्र हसायचा नाही. थंडी पडली, की दर शुक्रवारी नमाज झाल्यावर तो सायकलवरून आपण बांधलेल्या सगळ्या खोल्यांच्या मागच्या अंगानं फेरी मारायचा. मान वर. रात्रपाळीची माणसं दिवसा झोपतात, उजेड नको म्हणून झरोक्यात कागद कोंबतात. बरकत लांब काठी घालून बाहेरूनच ते कागद आत ढकलून द्यायचा. झोपलेल्या माणसाच्या तोंडावर वर्तमानपत्राचा बोळा पडला म्हणजे तो काय बोलेल ते तुम्हीच ताडा. बरकत शिव्या ऐकून घ्यायचा आणि पुढच्या झरोक्याकडे निघायचा.

हा असं का करतो, ते कुणाला ठाऊक नव्हतं. तो एकटा राहायचा, मशिदीमागं कौलारू खोलीत. साऱ्या मुलखाचे स्लॅब टाकणारा माणूस, आणि स्वतः कौलांखाली. विचारलं तर म्हणायचा, कौलं बरी वाटतात. त्याच्यापुढं विचारायची कुणाची छाती होत नसे आणि विषय तिथंच संपायचा.

एकाहत्तरच्या डिसेंबरात बरकत चाकणला एका गोदामाच्या कामावर गेला आणि महिनाभर तिकडेच राहिला. त्या महिन्यात शुक्रवारची फेरी झाली नाही.

माझ्या चार नंबरच्या खोलीत साहेबराव राहायचा. परांड्याकडचा, फौंड्रीत भट्टीवर कामाला. गुणी माणूस, मोजकं बोलणारा. त्याची बायको कस्तुरा त्याच महिन्यात बाळंत झाली, मुलगी झाली. बाळंतपणाला कस्तुराची आई भिमाबाई गावाकडून आली होती. ती आल्या आल्या सगळ्या रांगेची आजी झाली. तिच्या गावच्या घरात छपरातून चांदणं दिसायचं म्हणे. तिथं बाजेखाली शेगडी ठेवून तिनं आठ बाळंतपणं निभावली होती. बाळंतिणीला शेक पाहिजे आणि तिला वारं लागता कामा नये, यावर तिच्यापुढं डॉक्टरचंही चालत नव्हतं.

इथं तिला शेगडीसाठी असं जळण मिळालं, की म्हातारी हरखून गेली. साहेबराव फौंड्रीतून झाडलोटीतला कोक, म्हणजे भाजून धूर काढलेला दगडी कोळसा, घमेलंभर आणायचा. एकदा पेटला की लालबुंद, आणि धुराचा टिपूस नाही. लाकडानं डोळे चुरचुरायचे, कोकानं काही नाही. "लई सोज्वळ जाळ हाय बया," असं ती दारोदार सांगत फिरली. मीसुद्धा जाऊन बघून आलो आणि वा म्हणालो.

मग एक दिवस ती माझ्या ओट्याशी आली. वरच्या भोकातून गार वारं थेट बाळंतिणीच्या डोक्यावर पडतंय, काहीतरी द्या कोंबायला. मी खताचं रिकामं पोतं काढून दिलं. तिचा हात पुरेना, तर स्टुलावर चढून मीच ते नीट घडी करून बसवलं. दाराजवळच्या खालच्या भोकाला तिनं स्वतः वीट लावली. खोली लगेच उबदार झाली. म्हातारीनं मला तोंड भरून आशीर्वाद दिला.

पुढच्या चार-पाच दिवसांतल्या गोष्टी मला नंतर आठवल्या. तेव्हा डोळ्यांसमोर होत्या, पण दिसल्या नाहीत. त्या खोलीत दिवसभर लोळणारं मांजर थंडीत बाहेर ओट्यावर कुडकुडत बसायला लागलं. आत न्या, की पुन्हा बाहेर. कस्तुराला अन्नाची शिसारी यायची. भिमाबाईला उठताना भोवंडायचं, तर म्हणायची वय झालं. साहेबरावचं डोकं दुखायचं. तो म्हणायचा, कामावर गेलं की तासाभरात उतरतं, घरी आलं की चढतं.

यावरून मला विनोद सुचला. सुचला तसा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

दुसऱ्या दिवशी दहा-साडेदहाला मी बबनरावांच्या हॉटेलात बसलो होतो. बरकत त्याच सकाळी चाकणहून आला होता, बशीत चहा ओतून फुंकत होता. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आमच्या साहेबरावचं डोकं भट्टीपुढं उतरतं आणि बायको-सासूपुढं चढतं. आता दुखणं नक्की कुणाचं, ते तुम्ही ठरवा."

सगळे हसले. बबनराव तर गल्ल्यावर डोकं टेकून हसले. बरकतनं बशी खाली ठेवली.

"त्या खोलीत शेगडी हाय?"

"बाळंतीण आहे म्हटल्यावर शेगडी असणारच की."

"लाकडाची का कोळशाची?"

"फौंड्रीतला कोक. काय सुरेख जळतो म्हणून सांगू, मिस्त्री. धूर म्हणून नाही."

"आणि झरोका?"

मी माझा कप उचलला.

"आबाजी, झरोका?"

"पोतं मीच दिलं," मी म्हणालो.

तो उठला तेव्हा बशी कलंडली, चहा त्याच्या पायावर सांडला, त्याला कळलंही नाही. मला कॅरियरवर बस असं तो म्हणाला नाही. त्याची सायकल पुढं आणि मी धोतर सावरत मागं. थंडीतलं ऊन, रस्त्याला पाळीची माणसं. एकानं विचारलंसुद्धा, आबाजी, शर्यत लावलीय का. मी हसून हात केला. हसून.

रांगेपाशी बाया नळावर धुणं धूत होत्या. एकीनं ओठांवर बोट ठेवलं. आत्ताच बाळ-बाळंतिणीची अंघोळ झालीय, शेक घेऊन तिघी निजल्यात, आवाज करू नका, म्हणाली. चार नंबरच्या ओट्यावर मांजर बसलं होतं. दाराला आतून कडी.

बरकतनं हाक मारली. मी मारली. आतून काही नाही. तान्ह्या पोराच्या खोलीतून इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

"तुम्ही दार पाडा," एवढं बोलून तो पहार घेऊन मागं धावला. पाण्याच्या पिंपावर चढला आणि ते पोतं एका घावात आत पाडलं. इकडं शेजारची रात्रपाळीची माणसं उठून आली, आम्ही दोघा-तिघांनी खांदे दिले, कडी उपटली. आत ना धूर, ना वास. सगळं नीटनेटकं. शेगडीत निखारे लाल. कस्तुरा बाजेवर, पोरगी तिच्या कुशीत, आणि भिमाबाई भिंतीला टेकून, मांडीवर बाळाचं अंगडं. तिचे गाल गुलाबी झाले होते. लग्नघरातून नुकतीच आल्यासारखी दिसत होती. मला क्षणभर हायसंच वाटलं.

तिघींना उचलून बोरीखाली उघड्यावर आणलं. बरकतनं पोरगीला पालथं घेऊन पाठ चोळली. किती वेळ गेला सांगता येत नाही, पण ती आधी मांजरासारखी कुरकुरली आणि मग रडली. कस्तुरानं डोळे उघडले, तिला भडभडून वांती झाली. भिमाबाई उठली नाही. बाया तिला हलवत होत्या, म्हणत होत्या, अहो गाल बघा की कसे तुकतुकीत, जिवंत हाय म्हातारी.

बरकत पोरगी छातीशी धरून उभा होता. खालच्या आवाजात म्हणाला, "माझ्या गौहरचे गाल असेच होते."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लग्न झाल्यावर त्यानं स्वतःसाठी पक्की खोली बांधली होती, आकुर्डीला येण्याआधी, बासष्टच्या थंडीत. बायकोला, गौहरला, गारठा सोसत नसे, म्हणून खोलीला फट म्हणून ठेवली नव्हती. वारा शिरून दाखवू दे, अशी सगळ्यांशी पैज लावली होती. गौहर बाळंत होऊन दहा दिवस झाले होते. तो संध्याकाळी कामावरून आला तेव्हा शेगडी तेवढी जागी होती. लोक म्हणाले, बाहेरचं काहीतरी झालं. त्यालाही पुष्कळ दिवस तसंच वाटलं. पुढं भट्टीवरच्या एका जुन्या फिटरनं त्याला समजावून सांगितलं. त्यानं ती खोली स्वतःच्या हातानं पाडली.

निरोप मिळाला तसा साहेबराव धावत आला. सासूच्या पायाशी बसला. मग म्हणाला, "पण धूर तर नव्हता."

"धूर असता तर खोकत बाहेर आल्या असत्या, भाऊ," बरकत म्हणाला. "बंद खोलीत निखाऱ्याला वारा पुरला न्हाई, की तो विष सोडतो. त्याला ना रंग, ना वास. नुसतं डोकं दुखतं, मग झोप येती."

तिसऱ्या दिवशी साहेबरावनं ते पोतं झटकून, चौकोनी घडी घालून माझ्या ओट्यावर आणून ठेवलं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. दर शुक्रवारी बरकतच्या मागं काठी घेऊन मी फिरायला लागलो, तो त्या आठवड्यापासून. शिव्या आता निम्म्या मला पडायच्या.

ऐंशी सालच्या दिवाळीनंतर कस्तुरा आमच्याकडे आली. तिला पुन्हा दिवस गेले होते. चिंचवडला तीन मजली नवी इमारत झाली होती, साहेबराव तिथं खोली घेणार होता. तिनं बरकतला बोलावून घेतलं आणि मलाही.

खोली देखणी होती. गुळगुळीत फरशी, लोखंडी खिडकी, तिला काचा. दाखवायला आलेला माणूस फुशारकीनं म्हणाला, खिडकी लावली की वाऱ्याची झुळूक आत येणार नाही, बाळंतिणीला याच्यासारखी खोली नाही. कस्तुरानं त्याच्याकडे पाहिलं, खिडकी लावली, दार लावलं.

"मिस्त्री, विडी पेटवा," ती म्हणाली.

बरकत मधोमध उकिडवा बसला. तोवर त्याच्या दाढीत काळा केस उरला नव्हता. नऊ वर्षांची ती पोरगी माझा हात धरून बघत होती. धूर विडीवरून उठला, आमच्या डोक्यांपर्यंत आला आणि थांबला. तिथंच एक थर धरून राहिला. विडी संपली तरी हलला नाही.

"पहार आणलीय का?" कस्तुरानं विचारलं.

तो माणूस मधे पडला, इमारत पुरी झालीय, भिंतीला हात लावायचा नाही म्हणाला. बरकत त्याच्या बाजूनं निघून जिना उतरायला लागला. सायकल खालीच होती. चार पायऱ्या उतरून थांबला आणि मला म्हणाला, "आबाजी, चोवीस खोल्या हायेत. सोळांत माणसं राहायला आलीत. शेजारी कोण हाय, बघा."

मी शेजारचं दार वाजवलं. आतून कडी होती. पुन्हा वाजवलं. दाराच्या फटीशी वाकलो, तर तोंडाला आतून ऊब लागली. मग कडी निघाली. कुशीत तान्हं घेतलेली एक पोरसवदा बाई कपाळ दाबत उभी होती, झोपमोड झालेली.

"काय पायजे?" ती म्हणाली.

"बाई," मी म्हटलं, "तुमच्या खोलीत आमच्या मिस्त्रीला एक विडी पेटवायची आहे."