बिजली बाप्पूची माय

धुळे तालुक्यात विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी बांधून देणारा वना एकेकाळी रॉक गायक होता, असं सांगितलं तर कोणीही हसेल. पण होता. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या हिलालने वीस वर्षांपूर्वी ‘बिजली बाप्पू’ नावाचा अहिराणी सिनेमा काढला, गाण्यांनी ठासून भरलेला. त्यात बाप्पू झालेला वना रेक्झिनचं जाकीट घालून गिटार बडवत गायचा. आवाज असा, की गडी मुंबई गाठणार याची हिलालला खात्री होती.

पण आई आडवी आली. शूटिंगच्या शेवटच्या दिवशी वना जनरेटरचं डिझेल आणायला धुळ्याला गेला. घरी परतला, तर आईने, प्रमिलाबाईंनी, दोन मुस्काटात ठेवून दिल्या, गिटार चुलीत घातली आणि पुन्हा गाणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. कारण विचारलं की बाई गप्प. वर गाववाले सांगायचे, "तुन्ही मायनी काय काम कयं सिनेमामा!" वना पेटायचा. स्वतः नटी झाली आणि माझं गाणं बुडवलं! त्याने तो सिनेमा कधी पाहिलाच नाही. आई गेली तेव्हाही तो तिच्याशी धड बोलत नव्हता.

आता जळगावच्या कॉलेजातली पोरं या सिनेमाच्या नादी लागली होती. त्यांनी वनाला पाहुणा म्हणून बोलावलं. भरदुपारी सभागृह खचाखच भरलेलं, अंगात रेक्झिनची जाकिटं, एकेक संवाद तोंडपाठ. हिलालशेजारी बसलेला वना हरखून गेला.

शेवट आला. माइकचा शॉक लागून बाप्पू मरतो. खुर्चीवर वनाचा हार घातलेला फोटो, पुढे उदबत्ती. तेवढ्यात पडद्यावर फडक्यात बांधलेली भाकर घेऊन प्रमिलाबाई आत आल्या. फोटो दिसला आणि भाकर हातातून पडली.

"वना रे! भाकर बी खादी नही तू, कसा चालना गया रे!"

बाप्पू नाही, वना म्हणाली ती. हे नाटक नव्हतं. आणि पोरं? पोरांनी हसत वेफर्स उधळले, शेकडो गळ्यांनी तोच हंबरडा फोडला, "कसा चालना गया रे!"

वनाने हिलालची कॉलर धरली. "हाई काय शे?"

"ती तुन्हासाठे भाकर लई उनी व्हती," हिलाल खाली मान घालून म्हणाला. "फोटोना हार दखीसन तिले खरंच वाटनं. मी कॅमेरा चालूच ठेवा, भाऊ. गाणंच पोरना जीव ली, आसं तिना मनमा बसनं. मंग तिनी माले शपथ घाली, हाई अभद्र मन्हा पोरले सांगू नको."

वीस वर्षं! वनाला स्वतःची लाज वाटली. तोवर पोरांनी त्याला स्टेजवर नेऊन हातात माइक दिला. गाणं, गाणं, असा गलका चालला होता. वना कोऱ्या पडद्याकडे वळला.

"माय, मी आठेच शे. भाकर खाई लिधी मी."

पोरांना तो नवा डायलॉग वाटला. त्यांनी टाळ्या पिटल्या, वेफर्स उधळले आणि सगळ्यांनी मिळून तो म्हणून पाहिला.