चार माणसांत दाबता येईल असं बटण

"समीर, या बटणाखाली नक्की काय काय येतं?" मी विचारलं.

"सगळंच," समीर म्हणाला. तो आमचा प्रॉडक्ट मॅनेजर. "जे जे सेन्सिटिव्ह, ते सगळं. एकच टॉगल. सिंपल ठेवू या ना."

आमची वेबसाइट फोटोंची, तिचं अॅपही आहे. लोक फोटो टाकतात, अल्बम करतात, घरच्यांना दाखवतात. काही फोटो सगळ्यांना दाखवण्यासारखे नसतात, ते मशीन ओळखतं आणि त्यावर राखाडी चौकोन टाकतं. त्याला फिल्टर म्हणायचं. तो काढायचा असेल तर सेटिंगमध्ये जाऊन एक टॉगल, म्हणजे सरकवायचं बटण, चालू करायचं. त्या बटणावर लिहिलं होतं, 'प्रौढ मजकूर दाखवा, १८+'. हे सेटिंग लोकांना नीट कळत नाही, सोपं करा, असा वरून हुकूम आला होता.

मी यूएक्स रायटर. तुम्ही जे बटण दाबता त्यावर काय लिहायचं, हे ठरवण्याचा पगार घेते. जळगावात मेहरूणला माझा फ्लॅट आहे, तिथूनच काम करते. शेजारी समजतात की मी टायपिंग करते, आणि मीही ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही. आई गेल्यापासून घरात माझ्याशिवाय कोणी नाही. मीटिंगमध्ये सगळ्यांचे कॅमेरे बंद असतात, त्यामुळे दिवसभर मी काळ्या चौकटींतल्या नावांशी बोलत असते. सवय होते म्हणतात. मला झालेली नाही.

त्याच आठवड्यात फीडबॅकमध्ये एक मराठी तक्रार आली. मराठी म्हटलं की ती माझ्याकडे ढकलायची, हा आमच्याकडचा अलिखित नियम. लिहिलं होतं : 'आमच्या गिऱ्हाईक अक्का आहेत. मालकांच्या अंत्यविधीचे फोटो झाकलेले दिसतात. बटण दाबायला तयार नाहीत. काहीतरी करा.' खाली नाव भिकनभाऊ, मोबाईल शॉपी, पारोळा.

मी फोन लावला. कंपनीतून खरंच माणूस बोलतंय यावर भिकनभाऊंचा विश्वास बसायला जरा वेळ लागला.

"ताई, वयस्कर माणसाला फोन विकला की मीच त्यात सगळे फिल्टर फुल लावून देतो," ते म्हणाले. "नायतर काय भलतंसलतं दिसलं की घरचे लोक दुकानावर येतात भांडायला. अक्कांच्या फोनलाबी लावले. आता त्यांच्या मालकांचेच फोटो झाकले गेले."

"मग तुम्ही बंद का नाही केले?"

"केले असते. पण दुकानात गर्दी होती. मी वाचून दाखवलं, अक्का, 'प्रौढ मजकूर दाखवा' हे चालू करावं लागेल. पोरं हसली. अक्कांनी फोन उचलला अन् चालत्या झाल्या. तेव्हापासून दुकानाकडे बघतबी नाहीत."

ज्यांनी ते बटण बनवलं, त्यांच्यापैकी कुणालाच त्या क्षणी दुकानात उभं राहावं लागलं नव्हतं. मला फार राग आला. समीरला मेसेज केला, यूजर इंटरव्ह्यूला पारोळ्याला जाते. त्याने अंगठा पाठवला.

एसटीने एरंडोल मागे टाकून पारोळ्याला उतरले. भिकनभाऊंनी घर दाखवलं आणि स्वतः कोपऱ्यावरच थांबले. अक्का ओसरीवर बसलेल्या होत्या, शेजारी वॉकर. मी कोण, कशासाठी आले, ते सांगितलं. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"ये माय, बस. च्या लेशी ना?"

चहा होईपर्यंत बाकीची हकिगत कळली. त्यांच्या मालकांना सगळा गाव नाना म्हणायचा. वीजमंडळात वायरमन होते. अक्का पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, धुळ्याला दवाखान्यात ऑपरेशन झालं. त्या तिथे पलंगावर असतानाच इकडे नाना झोपेत गेले. आमच्याकडे बाया स्मशानात जात नाहीत. त्या दारातून शेवटचं बघतात, तेवढाच निरोप. अक्कांना तेही मिळालं नाही.

"त्या गयात तवय मी धुयाले दवाखानामा व्हतू," अक्का म्हणाल्या. "त्यासनं तोंड बी नई दखं मी."

फोटो पुतण्याने काढले होते. सुरतेचे नातेवाईक पोहोचू शकले नव्हते, म्हणून त्याने घरच्यांपुरता अल्बम करून टाकला. मग तोही कामाला सुरतेला परत गेला. अक्कांनी मला फोन उघडून दाखवला. घराचे, गुरांचे, लग्नाचे फोटो स्वच्छ दिसत होते. शेवटी राखाडी चौकोन, एकाखाली एक.

"पुतण्याला सांगितलंत का, दिसत नाहीत म्हणून?"

अक्कांनी नाही अशी मान हलवली. त्याने फोनवर विचारलं होतं, काकू, फोटो पाहिले ना? त्या हो म्हणाल्या होत्या. भावकीत ज्याने ज्याने विचारलं, त्यालाही हो. नाही म्हटलं असतं तर का नाही ते सांगावं लागलं असतं.

"अठरा वरीसना वर शे का, असं इचारस तो," त्या म्हणाल्या. "मी सत्तरना वर शे!" जरा हसल्या. मग हसू गेलं. "सांग माय, त्यासनी काय वाईट करं व्हतं, का त्यासले असं झाकी टाकं?"

मी म्हटलं, मशीनला माणूस कळत नाही हो अक्का. मी आत्ता बटण चालू करते, तुम्ही फोटो बघा, लगेच बंद करते. कुणाला कळणार नाही.

त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"नको. त्यासले देखाले मी घान उघाडू का?"

अल्बम फक्त घरच्यांसाठी होता, माझ्या फोनवर तो उघडला नसता. म्हणजे उपाय एकच होता. अक्कांनी ते बटण दाबायचं नाही, तर मलाच बटण बदलावं लागणार होतं. निघताना त्यांनी हातावर लाडू ठेवला आणि विचारलं, "एकलीच ऱ्हास का तू?" मी हो म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, याचं मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मीटिंग.

"एका यूजरसाठी सेटिंग तोडायचं?" समीर म्हणाला. "आणि लीगलला एकच १८+ टॉगल हवंय."

"लीगलला वयाची खात्री हवी आहे. ती वेगळी विचारू. पण नागडे फोटो, रक्त, ऑपरेशन आणि माणसाचं मरण एका पोत्यात का भरायचं?"

"पर्याय वाढले की लोक कन्फ्यूज होतात. तूच नेहमी सांगतेस."

हे खरं होतं. मग मला एक खोडी सुचली.

"ठीक आहे," मी म्हटलं. "सगळ्यांनी आपापल्या स्वतःच्या अकाउंटवर हे बटण आत्ता चालू करा. आणि स्क्रीन शेअर करून ठेवा. मीटिंग संपेपर्यंत."

कोणीच स्क्रीन शेअर केली नाही. काळ्या चौकटी आणि नावं. कुणाचातरी पंखा ऐकू येत होता.

"अहो, चालू करा ना," मी म्हटलं. "सिंपल आहे."

"पॉइंट कळला," समीर म्हणाला. त्याने कॅमेरा चालू केला. कितीतरी दिवसांनी मी त्याचा चेहरा पाहिला. दाढी वाढली होती.

मग काम सरळ होतं. एका बटणाची वेगवेगळी बटणं झाली : 'नग्नता', 'रक्त आणि हिंसा', 'आजार आणि ऑपरेशन', 'मृत्यू आणि अंत्यविधी'. प्रत्येकापुढे 'दाखवा' किंवा 'झाका'. चालू-बंद हे शब्दच काढून टाकले, कारण फिल्टर चालू म्हणजे फोटो बंद, हे कोडं निम्म्या लोकांना उलगडत नाही. वय एकदाच विचारायचं, तेही खातं उघडताना. राखाडी चौकोनावर कारण आलं : 'हा अंत्यविधीचा फोटो असावा. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून झाकला आहे.' खाली 'फक्त हा फोटो पाहा'. त्यातल्या 'त्रास होऊ नये' या शब्दांसाठी मी समीरशी सगळ्यात जास्त भांडले. त्याला ते लांबलचक वाटत होते. मला अक्कांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं.

नवीन सेटिंग सगळीकडे पोहोचलं तेव्हा मी भिकनभाऊंना कळवलं. ते म्हणाले, घरी जाऊन अॅप अपडेट करून येतो, दुकानात नको. त्यानंतर काही कानावर आलं नाही. मीही विचारलं नाही. डॅशबोर्ड, म्हणजे कोणतं बटण किती वापरलं जातं त्याचा तक्ता, त्यात ती अंत्यविधीची ओळ जवळजवळ रिकामीच दिसायची. समीर एकदा ते बोललाच.

मग एका दुपारी फोन आला. मी ताटात वरणभात घेऊन लॅपटॉपसमोरच बसले होते.

"मी अक्का बोलस. पारोयानी."

"बोला अक्का. दिसले का फोटो?"

"हा माय, दिसनात. न्हाऊ घालेल व्हतं. नवी टोपी घालेल व्हती. तोंड शांत व्हतं त्यासनं. चष्मा तेवढा घालाना राही गया व्हता."

मग त्या सांगत राहिल्या. कोण कोण आलं होतं, खांदा कुणी दिला, शेजारचा भांडकुदळ माणूससुद्धा कसा मान खाली घालून उभा होता. मी ताट बाजूला सारलं. मीटिंगची वेळ होऊन गेली तरी मी जॉइन झाले नाही. शेवटी न राहवून विचारलं, "पुतण्याला सांगितलं का अक्का, की आता पाहिले म्हणून?"

"त्याले कसं सांगू? बठ्ठी भावकीले तं मी पह्यलेच सांगेल शे, फोटो दख्यात म्हनीसन." त्यांचा आवाज बारीक झाला. "मंग आते कोनले सांगू? तुले सांगस."

मी म्हटलं, सांगा अक्का, मला वेळ आहे. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्या रडल्या, आणि मीही रडले. मग त्यांनी पुन्हा पहिल्या फोटोपासून सुरुवात केली.

संध्याकाळी मी ती तक्रार सिस्टिममध्ये बंद केली. 'काय शिकलो' असा एक रकाना असतो, तो भरल्याशिवाय बंद होत नाही. मी लिहिलं : 'बटणावरचं नाव चार माणसांत मोठ्याने वाचून बघावं. वाचवत नसेल, तर ते बटण कोणीतरी दाबत नाहीये आणि आपल्याला सांगतही नाहीये.' समीरने त्यावर अंगठा पाठवला.