तळघरं काढणारी आर्लिस

आर्लिस ट्वेट आमच्या लिंडहोम नगरपालिकेत एकोणतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचायची. मीटर तळघरात असतात, आणि मिनेसोटाच्या थंडीत तळघराशिवाय कुणी घर बांधत नाही. त्यामुळे गावातल्या झाडून साऱ्या घरांच्या पोटात काय दडलंय ते तिला ठाऊक होतं. पाहुणे यायचे म्हणून लोक बैठकीची खोली आवरतात, तळघर कुणी कुणासाठी आवरत नाही. कुणाकडे बीटच्या लोणच्याच्या बरण्या, कुणाकडे न झालेल्या लग्नाचा पांढरा झगा, तर कुणाकडे बायकोला न सांगता मांडलेली खेळण्यातली आगगाडी, स्टेशन आणि बोगद्यासकट. आर्लिस खाली उतरायची, आकडा लिहायची आणि वर यायची. एका तळघरातली गोष्ट तिने कधी दुसऱ्या घरी सांगितली नाही.

मी नगरपालिकेच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, चिटणीसांच्या कचेरीत. सभेची विषयपत्रिका तयार करायची आणि सभा चालू असताना इतिवृत्त लिहायचं, हे माझं काम. माझं मालती हे नाव इथे पहिल्याच आठवड्यात मॅल झालं, आणि चौतीस वर्षांत ते मलाही बरं वाटायला लागलंय.

पुढे मीटर बदलले. नवे मीटर आपला आकडा आपणच रस्त्यावरच्या गाडीला कळवतात, घरात पाऊल टाकायचं कारण उरलं नाही. शेवटची दोन वर्षं आर्लिसला ती गाडी चालवायला दिली. गल्लीतून हळूहळू जायचं, आकडे आपोआप गोळा होतात.

"कशी आहे गाडी?" मी एकदा विचारलं.

"उबदार आहे," ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे खूप झालं.

ती निवृत्त झाली त्याच हिवाळ्यात तिची आई गेली. लग्न तिने केलं नव्हतं. आयोना नावाची एक धाकटी बहीण फार्गोला असते, तिच्याशी दर रविवारी फोनवर हवापाण्याच्या गप्पा. ज्या बाईला महिन्याकाठी नऊशे घरांची दारं उघडायची, तिच्या दारावर टपालवाल्याखेरीज कुणी येईनासं झालं. मी रोज त्याच रस्त्याने घरी जात होते, पण मीही कधी थांबले नाही. घाई असते, थंडी असते, आणि कारण सापडत नाही म्हणून माणूस थांबत नाही.

ती चित्रं काढते हे कळलं ग्रंथालयातल्या बाईंमुळे. आर्लिसने चित्रकलेची त्यांच्याकडची सगळी पुस्तकं दोन-दोनदा नेली होती. "एवढं वाचून करतेस काय?" असं बाईंनी विचारलं, तर म्हणाली, "तळघरं काढते. जशी आठवतात तशी."

आमच्या नगरपालिकेत दर महिन्याच्या सभेआधी गावातल्या एका कलाकाराला तीन मिनिटं मिळतात. तिवईवर आपलं काम ठेवायचं, समोर उभं राहून चार शब्द बोलायचे. टेबलावर दिवा असतो, हिरव्याचा पिवळा झाला की आवरतं घ्यायचं, लाल झाला की बसायचं. आतापर्यंत दातांचे डॉक्टर त्यांची लाकडी बदकं घेऊन आलेत, एक बाई टर्कीच्या पिसांची तोरणं घेऊन आल्यात. त्या वर्षी नगरसेवकांच्या पाठीमागची भिंत रंगवून मोकळी केली होती. आलेल्यांपैकी एकाचं काम तिथे कायमचं लावायचं आणि कुणाला विचारायचं ते नगराध्यक्षांनी ठरवायचं, असं ठरलं होतं.

मी आर्लिसला फोन केला.

"अगं, नको," ती म्हणाली. "माझं कसलं काम."

चार दिवसांनी पुन्हा केला.

"दुसरं कुणीतरी मिळेल की तुला. त्या बदकवाल्याला बोलव पुन्हा."

पुढच्या शुक्रवारी तिसऱ्यांदा केला. मग ती म्हणाली, "बरं. तुझं अगदीच अडत असेल तर येते."

इथली रीतच तशी आहे. या लोकांचे पणजोबा नॉर्वेहून येताना बोटीतून आणखी काय घेऊन आले माहीत नाही, हे मात्र नक्की आणलं. पहिलं नको ही सभ्यता, दुसरं नको हा विनय, आणि खरं उत्तर तिसऱ्यांदा. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा हावरट. आपल्याकडे पंगतीत वाढणारा पहिल्या नकोला हटत नाही, तसंच. मला हे शिकायला चार वर्षं लागली होती, आणि त्या चार वर्षांत मी बऱ्याच लोकांच्या घरून उपाशी परत आले होते.

जानेवारीतल्या सभेला आर्लिस आली ती निळा लोकरीचा कोट घालून, केस नीट बसवून. चित्र जुन्या चादरीत गुंडाळलेलं. प्रेक्षकांत अकरा माणसं होती, त्यातली चार कुत्र्यांच्या परवान्याच्या तक्रारीसाठी आलेली. तिने चादर काढली आणि चित्र तिवईवर ठेवलं.

ते मर्लिन आसचं तळघर होतं. मर्लिन आमचा सगळ्यांत जुना नगरसेवक, ऐंशीला टेकलेला. त्याची बायको डॅग्नी सहा वर्षांपूर्वी गेली, तिने शेवटच्या उन्हाळ्यात भरलेल्या बरण्या अजून तशाच फळीवर आहेत. चित्रात त्याच होत्या. जिन्यावरून येणारा उजेड बीटच्या लाल पाण्यात शिरला होता. झाकणांवर डॅग्नीच्या अक्षरात तारखा होत्या. आर्लिसने मर्लिनला आधी विचारलं होतं, तो म्हणाला होता, "काढ की. त्यात काय आहे."

आर्लिस हिरव्या दिव्यासमोर उभी राहिली. "मी मीटर वाचायची," ती म्हणाली. "हे मर्लिनकडचं. लोक खाली जे ठेवतात ना, ते त्यांना टाकवत नाही आणि बघवतही नाही. मी बघत होते. एवढंच." दिवा पिवळाही झाला नव्हता.

मर्लिनने चष्मा पुसला, पुन्हा लावला. "झाकणं बरोबर आली आहेत," तो म्हणाला. इथे याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी उगाच कळफलकावर काहीतरी बडवत राहिले.

नगराध्यक्ष रस हॅलोवे मूळचे ॲरिझोनाचे. मनमोकळा माणूस, भेटेल त्याच्या पाठीवर थाप मारणारा. ते खुर्चीतून जवळजवळ उठलेच. "आर्लिस, हे अप्रतिम आहे. हे चित्र इथे, आमच्या मागच्या भिंतीवर, कायमचं लावायला द्याल का?"

आर्लिसच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "छे, नको," ती म्हणाली. "इथे कशाला. उगाच भिंत अडेल."

"बरं, तुमच्या इच्छेचा आम्ही मान राखतो," हॅलोवे म्हणाले. "टाळ्या होऊन जाऊ द्या आर्लिससाठी."

टाळ्या झाल्या. आर्लिस तिथेच उभी राहिली. दिवा पिवळा झाला, लाल झाला, तरी उभी. ती वाट बघत होती. सभागृहातल्या एकूण एक माणसाला कळत होतं ती कशाची वाट बघतेय, नगराध्यक्ष सोडून. पाचही नगरसेवक इथे जन्मलेले. तेवढ्यात कुणीतरी म्हणायला हवं होतं की रस, आणखी एकदा विचारा. पण भर सभेत नगराध्यक्षांना शिकवायचं म्हणजे त्यांचा पाणउतारा, आणि तोही इथल्या रीतीत बसत नाही. सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. मर्लिन आपल्या कागदांकडे बघत होता. मी नगरपालिकेची नोकर, सभेत बोलायचा मला अधिकार नाही, अशी मी माझी समजूत घातली आणि लिहिलं: 'कलाकाराने आभारपूर्वक नकार दिला.'

आर्लिसने चित्र पुन्हा चादरीत गुंडाळलं.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या दुकानात हाच विषय. "तिला परत विचारायला हवं," हार्डवेअरवाला म्हणाला. "हवंच," ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या. "कुणीतरी विचारेल," मर्लिन म्हणाला. प्रत्येकाने मान हलवली आणि कॉफी संपवली. मीही त्या टेबलावर होते.

फेब्रुवारीची सभा आली. मी कागद लावत होते तेव्हा आर्लिस आत आली आणि शेवटच्या रांगेत बसली. तिच्या गुडघ्याला टेकून, चादरीत गुंडाळलेलं, चित्र होतं. एवढ्या वर्षांत ती कधी सभा बघायला आली नव्हती. दुसऱ्यांदा विचारायला त्यांना सोपं जावं म्हणून ती स्वतःच्या पायांनी आली होती.

त्या दिवशीचा कलाकार होता शाळेतला मातीकामाचा तरुण मास्तर, केव्हिन. बाहेरगावचा. रंगीत फरशांचा एक तळ्याचा देखावा घेऊन आलेला, बरा होता. त्याची तीन मिनिटं झाली आणि हॅलोवेंनी त्यालाही भिंतीचं विचारलं.

"अरे वा, हो, नक्की," केव्हिन म्हणाला.

मग सभा सुरू झाली. पहिला विषय मागच्या सभेचं इतिवृत्त. "कुणाची दुरुस्ती?" हॅलोवेंनी विचारलं. दुरुस्ती कुठल्याही नगरसेवकाने सुचवायची असते, आणि सभेआधी मर्लिनच्या कानात त्या नकाराबद्दल दोन शब्द घालणं मला काही जड नव्हतं. मी घातले नव्हते. कुणी बोललं नाही. इतिवृत्त मंजूर झालं. पाठोपाठ भिंतीचा ठराव आला आणि पाच विरुद्ध शून्य मतांनी भिंत केव्हिनच्या तळ्याला गेली. मर्लिनचा हात सगळ्यांत शेवटी वर झाला, पण झाला.

आर्लिस उठून गेली नाही. गटाराच्या झाकणांवर पाऊण तास चर्चा झाली, तीही तिने ऐकली, कारण मधेच उठणं बरं दिसत नाही. सभा संपल्यावर ती चित्र उचलून बाहेर पडली. मी कागद गोळा करून बाहेर येईपर्यंत तिची गाडी निघून गेली होती.

सकाळी मी हॅलोवेंकडे गेले. "तिला मनापासून हवं होतं," मी म्हटलं. "इथे पहिला नकार नकार नसतो."

ते म्हणाले, "पण मॅल, तिने नाही म्हटलं. तुमच्याच इतिवृत्तात आहे." मग खरोखर कळवळून म्हणाले, "मी नऊ वर्षं इथे राहतोय. मला हे कुणी सांगितलं का नाही?"

त्या दुपारी मी आर्लिसच्या घरी गेले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. स्वयंपाकघर लखलखीत होतं. टेबलावर कुकीजचा डबा आणि एकच कपबशी. भिंतीला टेकून चित्रांची रांग, सगळी तोंड भिंतीकडे करून ठेवलेली.

"बस की," ती म्हणाली. "थंडी फार आहे ना आज."

"काल जे झालं ते," मी सुरुवात केली.

"त्यात काय. मी आधीच नको म्हटलं होतं." ती ओट्याकडे वळली. "आयोनाला फोन केला सकाळी. ईस्टरला ये, सभागृहात तुला एक गंमत दाखवते असं सांगून बसले होते. आता सांगितलं, रस्ते खराब असतील, नको येऊस."

"आर्लिस, मला ठाऊक होतं. त्याच क्षणी ठाऊक होतं, आणि तरी मी नकार दिला असं लिहिलं."

"मी जे बोलले तेच लिहिलंस तू. तुझं कामच आहे ते." आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. "कॉफी घेशील?"

"नको," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं, शरमेनं म्हणा, सवयीनं म्हणा.

"घे की, केलेलीच आहे."

"नको, कशाला तुला त्रास."

ती किटलीवर हात ठेवून उभी राहिली. मी तिसऱ्यांदाची वाट बघत होते. तिने किटलीवरचा हात काढला, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "बरं, तुझी इच्छा."

मला उठायला हवं होतं, कोट खुर्चीवर होता, आणि उठले असते तर आम्ही पुढची कितीतरी वर्षं दुकानात भेटून हवापाण्यावर बोललो असतो. मी उठले नाही.

"आर्लिस," मी म्हटलं, "मला कॉफी हवी आहे."

तिने वळून बघितलं. मी काहीतरी भलतंच बोलून गेल्यासारखं ती बघत होती.

"असं सरळ म्हणता येतं?" ती म्हणाली.

"येतं."

"कुणी काही म्हणत नाही?"

"नाही म्हणत."

ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. हात मांडीवर, पाठ ताठ, तिवईशेजारी उभी होती तशीच. "मला हवं होतं ते," ती म्हणाली. "मला तिथे लागायला हवं होतं, मॅल." आणि त्र्याहत्तर वर्षांची ती बाई तोंडावर हात घेऊन रडायला लागली. मी उठून फडताळातून दुसरा कप शोधला आणि दोघींची कॉफी ओतली.