हिरवा मोजा

"मी जन्मभर रिकामी खोकी केली, त्यांत काय भरायचं ते दुसऱ्यांनी ठरवलं," असं ती एकदा म्हणाली होती. कारखान्यातल्या तिच्या निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी दोन शब्द बोलायचा आग्रह धरला, तेव्हा एवढंच बोलून ती खाली बसली. लोक हसले. तिने काही विनोद केला नव्हता.

चपलांची खोकी, औषधांची खोकी, काचेच्या पेल्यांची खोकी. पुठ्ठ्यावर आतून रेघ दाबायची, रेघेवर घडी मोडायची, कडेला खळ लावायची, आणि खोकं तयार झालं की दोन बोटांनी त्याच्या बुडावर टकटक करायची. आवाज भरीव आला तर पुढे सारायचं, पोकळ आला तर बाजूला काढायचं. नवरा लवकर गेला. मुलगा तिच्या टेबलाखाली, पुठ्ठ्याच्या कातरणांत झोपून मोठा झाला. तिच्या हातांना दुसरं काही येत नव्हतं, आणि त्याचं तिला वाईटही वाटत नव्हतं.

मग एका हिवाळ्याच्या तोंडावर सुनेचं छातीचं दुखणं बळावलं. तिला लांबच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथे लहान मुलांना आत सोडत नसत. नात तेव्हा नुकती बोलायला लागलेली. जमिनीवर सापडेल ते उचलून कुठेतरी नेऊन ठेवायची म्हणून घरात सगळे तिला मुंगी म्हणत. मुलगा बस चालवायचा. तो पहाटे निघायचा आणि दिवे लागल्यावर यायचा. दिवसभर घरात या दोघीच, आणि बाहेर हाडं गोठवणारी थंडी.

पहिले काही दिवस मुंगी दाराशी जाऊन उभी राहायची. रडायची नाही, नुसती दाराकडे बघायची. म्हातारीला ते रडण्यापेक्षा जड जायचं. लहान मुलाशी खेळायचं म्हणजे काय करायचं, हेही तिला ठाऊक नव्हतं. शेवटी तिने आपल्याला येत होतं तेच केलं. शेगडीवर पिठाची खळ शिजवली, माळ्यावरचे पुठ्ठे खाली काढले आणि जमिनीवर बसली.

पुठ्ठ्याचं घर झालं. त्याला उघडमीट करणारं दार झालं. कापसाचे गोळे चिकटवून मेंढ्या झाल्या. त्यातल्या एकीला पाय तीनच होते, कारण चौथा मुंगीने खाल्ला. संत्र्याच्या सालीला डोळे पाडून माणसं झाली, ती शेगडीजवळ वाळून म्हातारी झाली. खिडकीच्या काचेवर वाफ धरली की मुंगीला कडेवर घेऊन ती काचेवर बोटाने रेघ ओढायची. मुंगी ती पूर्ण तळहाताने पुसायची. मग पुन्हा रेघ. असल्या खेळाला शेवट नसतो, आणि म्हातारीला शेवट नकोच होता.

"फॅक्टरी घरी आणलीस की काय?" मुलगा एका संध्याकाळी दारातच थबकून म्हणाला. "पाय ठेवायला जागा नाही."

"बाहेर राहा मग. रात्रपाळी चालू आहे."

"आणि कामगाराचं पोट भरलं का?"

"कामगार खळ खातो. वर पुठ्ठा चघळतो."

तो हसला. बूट काढता काढता त्याचं हसू ओसरलं. "माझ्याशी कधी नाही खेळलीस अशी."

"तू झोपलेला असायचास," ती म्हणाली. "झोपलेल्या पोराशी काय खेळणार?" तिने मान वर केली नाही. कापसाची मेंढी हातात होती, तिचा पाय नीट बसत नव्हता.

थोड्याच दिवसांत मुंगी तिच्यासारखी टकटक करायला लागली. हातात नवीन काही दिलं की आधी दोन बोटांनी वाजवायची, कान लावायची, मगच घ्यायची. वाटी, बूट, बापाचं टक्कल, सगळं तिने तपासून पाहिलं. म्हातारीला त्याचा अभिमान वाटला, आणि अभिमान वाटला म्हणून थोडी भीतीही वाटली.

भीती खरी ठरली ती एका दुपारी. काचेवर रेघ ओढून झाली आणि मुंगी तिच्या गालाला हात लावून म्हणाली, "आई."

तसं पाहिलं तर पोरीची चूक नव्हती. मुलगा तिला आई म्हणायचा, सूनही आईच म्हणायची. घरात ज्या बाईला सगळे आई म्हणतात ती आई, एवढाच पोरीचा हिशोब. पण म्हातारीने तिचा हात गालावरून काढला. कारण ते ऐकून क्षणभर तिला बरं वाटलं होतं. तिकडे एक बाई छत बघत दिवस काढते आहे, आणि इकडे आपण तिचा शब्द गिळून बसलो, असं तिला झालं.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे फोन होता. पण दवाखान्यातून तिकडच्या नर्सबाई फक्त तब्येत सांगायच्या. सुनेला बोलू देत नसत.

मग तिने तो मोजा काढला. सुनेचा हिरवा लोकरी मोजा, एकटाच दोरीवर वाळत राहिलेला. त्याला तिने दोन बटणांचे डोळे शिवले आणि आत हात घातला. सून प्रत्येक वाक्याआधी 'ऐक ना' म्हणायची, शेवटचा शब्द लांबवायची. म्हातारीने तसाच आवाज काढला.

"ऐक ना मुंगे. मी आई. मी लवकर येणाऽर."

मुंगी थक्क होऊन बघत राहिली. म्हातारीने दुसऱ्या हाताने स्वतःची छाती दाखवली. "मी आजी. ही आई."

हे ती रोज शिकवत राहिली. मोजा मुंगीला भरवायचा, मोजा मुंगीला निजवायचा, पुठ्ठ्याच्या घरात मोजाच राहायचा. मुंगी तिला आजी म्हणू लागली. काम फत्ते झालं, असं म्हातारीला वाटलं. खोकं बाहेरून सरळ दिसलं की ते आतून कुठे सुटलंय ते कळत नाही, हे तिला इतक्या वर्षांनी तरी सुचायला हवं होतं.

थंडी ओसरता ओसरता सून घरी आली. वाळलेली, केस कापलेले, आवाज बसलेला. मुलाने तिला धरून आत आणलं. ती उंबऱ्याशीच जमिनीवर टेकली आणि तिने हात पसरले.

"ऐक ना मुंगे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आई आली."

मुंगीने तिच्याकडे नीट पाहिलं. मग ती वळली, पुठ्ठ्याच्या घराचं दार उघडलं, हिरवा मोजा बाहेर काढला आणि पाहुणीला दाखवला. "आई," ती म्हणाली.

सून मोज्याकडे बघत राहिली.

"हे काय आहे, आई?" तिने सासूला विचारलं.

"तू."

"मी?"

"तुझाच आहे. दोरीवर राहिला होता. पोर तुला विसरेल असं वाटलं मला."

"मग आता नाही विसरली," सून म्हणाली. "मी तिकडे एकेक दिवस ढकलत होते, आणि इकडे माझा मोजा झाला."

"अगं, निदान जोडी तरी जुळली," मुलगा म्हणाला. त्याचं त्यालाच ते बरं वाटलं नाही. तो पिशव्या उचलून आत गेला.

मुंगीला या बोलण्याशी देणंघेणं नव्हतं. मोजा इतका वेळ गप्प होता, ते तिला खुपत होतं. तिने तो आजीच्या हातावर ओढायला सुरुवात केली. "आई बोल," ती म्हणाली. म्हातारीची बोटं सवयीने आत गेलीसुद्धा. आत ऊब होती. एक शब्द काढला असता तर पोर खुदकन हसली असती. आणि ते हसू समोरच्या बाईने बघितलं असतं.

तिने हात बाहेर काढला. मोजा सुनेच्या हातात चढवला, लहान मुलाला चढवतात तसा, बोट बोट सारखं करत.

"मला नाही येत हे," सून म्हणाली.

"बोलणं तुझंच आहे. मी नक्कल करत होते."

सुनेने कशीबशी बोटं हलवली. बटणांचे डोळे वाकडे झाले. "ऐक ना," मोजा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

मुंगीच्या कपाळाला आठी पडली. तिने मोज्याकडे पाहिलं आणि लगेच मान वळवून आजीच्या तोंडाकडे पाहिलं. मोजा पुन्हा बोलला. मुंगीने पुन्हा आजीचेच ओठ बघितले. आवाज कुठून यायचा हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. ती तिथेच वाट बघत होती.

आपण समोर आहोत तोवर पोर आपल्याच तोंडाकडे बघणार, हे म्हातारीला कळलं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. मुंगी तिच्या पदराला धरणार, तेवढ्यात मोज्यातली बोटं पुढे आली आणि पोरीच्या मनगटाला हलकेच लागली. मुंगी थांबली. तिने मोज्याचं टोक धरलं आणि ओढलं. मोजा निघाला, आत हात होता.

खुंटीवरची शाल घेताना म्हातारीला मागे टकटक ऐकू आली. दोन बोटांची, सावकाश, आणि मग गप्प, कान लावल्यासारखी. कशावर होती ते बघायला ती वळली नाही. तिने चपला सरकवल्या, दार आपल्यामागे ओढून घेतलं आणि थंडीत निघून गेली.