अप्पानं माफ केलेली फी

गुरुसिद्धअप्पाच्या नादाला हुपरीत कुणी लागत नसे. चांदीचे पैंजण घडवता घडवता त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, "डॉक्टर म्हंजे दरोडेखोर की! नाडीला हात लावला, काढ पाचशे!" आणि गिऱ्हाईकानं पैंजणाची मजुरी कमी करायला सांगितली, की हाच बाबा उसळायचा, "चांदीचे पैसे देतोस, आन माझ्या हाताचं न्हाय व्हय रं?"

देवाची करणी बघा, ह्याचीच एकुलती लेक पवित्रा डॉक्टर झाली! तिनं कसबा बावड्यात दवाखाना टाकला. पुण्याच्या हॉस्पिटलात नोकरी मिळत होती. "दिवाळीपर्यंत जम बसला न्हाय तर जाईन," असं तिनं सांगून ठेवलेलं.

झालं! अप्पाच्या जिवाला घोर लागला. हातातलं काम टाकून तो रोज एसटीनं बावड्याला यायचा. बाहेर बसून फी घ्यायचं काम लेकीनं त्याच्यावरच सोपवलं. पण बसतोय कसला! उठायचा, रस्त्यावर डोकवायचा, परत बसायचा. लोक माझ्या पोरीला दरोडेखोर म्हणतील का, हाच किडा डोक्यात.

एकदा केरबा म्हातारा कुरकुरतच बाहेर आला. "सुई न्हाय, सलाईन न्हाय, नुसतं पाणी पी म्हणती. आन ह्येची फी?"

अप्पाला कसलं राहवतंय! "ऱ्हाऊ द्या, पावणं. आमची पोर लुटणारी न्हाय."

मग तो नेमच पडला. लेक आत तपासायची, बाप बाहेर फी माफ करायचा आणि आपल्या साठवलेल्या मजुरीतले पैसे गुपचूप गल्ल्यात टाकायचा. तरी माणसं कमीच होत गेली. न राहवून अप्पानं केरबाला बाजारात गाठलं.

"का हो, येत न्हाईसा?"

"फुकटच्या डॉक्टरला काय येतंय? चौकातल्या डॉक्टरकडं जातो. घेतोय रग्गड, पर सुई टोचतोय की!"

दिवाळी झाली. पवित्रानं बॅग भरली. स्टँडवर अप्पाला हुंदका आला आणि त्यानं सगळं ओकून टाकलं.

पवित्रानं हातातली बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, "अप्पा, माझ्या कामाला मोल हाय असं तुम्हालाच वाटलं न्हाय. लोकांना काय म्हणू?"

पुण्याची गाडी गेली. अप्पा बाकावर बसला. हुपरीची गाडी लागली, भरली, सुटली, तरी तो उठला नाही.